क्लिफचा पांढरा ठिपका

स्पीकर

आवाजातला बिघाड शेवटाकडून शोधायचा असतो. आधी स्पीकर. मग एकेक पाऊल मागे सरकत, जिथे आवाज जन्माला येतो त्या चिपपर्यंत. एका जागी आवाज आहे आणि पुढच्या जागी नाही, असं सापडलं की काम झालं. त्या दोन जागांच्या मधे जे बसलंय ते दोषी.

जनीन ऑर्मरॉडला हे क्लिफ एन्टविसलने शिकवलं. ती तेव्हा नगरपालिकेच्या करखात्यात कंटाळत होती. नाणं टाकून खेळायचं एक जुनं यंत्र तिच्या गॅरेजात मुकं पडलं होतं. त्यातला सर्किट बोर्ड बगलेत मारून ती उत्तर इंग्लंडातल्या बेकपच्या बंद गिरणीत आली, तिसऱ्या मजल्यावर. तिथे दर शनिवारी असल्या यंत्रांची वेडी माणसं जमतात. क्लिफने बोर्ड हातात घेतला, उलटा केला, हुंगला. "मेला नाहीये," म्हणाला. "रुसलाय. बस, पोरी."

तेव्हापासून ती तिथेच बसते आहे, त्याच्या उजव्या हाताला.

क्लिफचं सगळं आयुष्य मोरकॅमच्या किनाऱ्यावर गेमच्या दालनांत यंत्रं दुरुस्त करण्यात गेलं. ती दालनं बंद पडली. बायको गेली. उरलं ते शनिवारचं हे टेबल आणि पांढऱ्या रंगाची एक बुटकी डबी. आगगाडीच्या छोट्या मॉडेलना लावतात तो रंग. बोर्ड बरा झाला, क्लिफने तो स्वतःच्या कानांनी ऐकला आणि त्याला पटला, की बोर्डाच्या कोपऱ्यात एक ठिपका. ब्रिटनभर, कार्डिफपासून ॲबर्डीनपर्यंत, या छंदातल्या कुणालाही तो ठिपका दाखवा, तो पुढे काही विचारणार नाही.

गेल्या हिवाळ्यापासून तो ठिपका खोटा होता. क्लिफ सोडून सगळ्यांना हे माहीत होतं.

व्हॉल्यूमचा खुंटा

बारीक, उंच आवाज त्याला ऐकू येईनासे झाले होते. घोगरे, जाड आवाज छान यायचे, म्हणून त्याला काही कळलं नाही. फक्त म्हणायचा, "हल्ली लोक फार पुटपुटतात. बायका तर जास्तच."

मग असं सुरू झालं: शनिवारी क्लिफ ठिपका द्यायचा आणि मंगळवारी तोच बोर्ड ॲक्रिंग्टनला जनीनच्या गॅरेजात यायचा. आणणारा दारातच घुटमळायचा. "जनीन, रागावू नकोस. पक्ष्याची शीळ नाहीये यात. क्लिफला नको बोलूस." ती शीळ परत आणायची आणि ठिपका होता तसा ठेवायची.

सांगितलं तर तो यायचा बंद होईल. हे कुणी बोललं नव्हतं, पण ठरलं होतं. टेबल सुटलं तर म्हातारा घरात बसून वाळून जाईल. सुरुवातीला जनीन याला माया म्हणायची. नंतर तिने त्याला काही म्हणणं सोडून दिलं. मंगळवारी काम संपल्यावर ती हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धुवायची. शनिवारी क्लिफ तिला चहाचा मग द्यायचा, तेव्हा ती मगाकडे बघायची.

एका शनिवारी ओवेन प्रॉसर आला. रेक्सहॅमचा, पस्तिशीतला, दाराशी पाय पुसून आत येणारा माणूस. इथे पहिल्यांदाच येत होता, म्हणून त्याला मंगळवार माहीत नव्हता.

"हा बोर्ड मी मागच्या महिन्यात घेतला," त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "'लँटर्न बे'. ठिपका बघूनच घेतला. पण दिवे वाजत नाहीत."

कुणीतरी स्क्रू वेचायला खाली वाकलं आणि वाकूनच राहिलं.

'लँटर्न बे'मध्ये एक होडी असते. धुक्यातून वल्हवत जायचं आणि पाण्यावर तरंगणारे दिवे उचलायचे. दिवा उचलला की किण-किण असा काचेसारखा आवाज होतो. सगळा गेम त्या किणकिणीसाठीच खेळायचा.

"वाजत नाहीत म्हणजे?" क्लिफने कानामागे हात नेला.

"म्हणजे मुकेच आहेत."

"ठिपका माझा आहे."

"हो ना. म्हणून तर आलो."

क्लिफ हसला. त्याला राग आला नव्हता, हे जनीनला जास्त लागलं. त्याने बोर्ड टेबलावर जोडला, स्पीकरच्या तारा लावल्या. बोट जिभेवर ओलं केलं आणि व्हॉल्यूमच्या खुंट्याच्या मधल्या टोकाला टेकवलं. स्पीकर जाड आवाजात गुणगुणला. माणसाच्या अंगातली वीज असते ती.

"ऐकलंस? इथून पुढे स्पीकरपर्यंत रस्ता मोकळा आहे," त्याने ओवेनला सांगितलं. "या बोटाने मला कधी फसवलं नाही."

ती गुणगुण जाड होती. ती त्याला कायमच ऐकू येणार होती.

मग त्याने गेम सुरू केला.

क्लिफने ऐकलं ते:

पाण्याचा घोगरा खळखळाट. वल्ह्याचा ठोका. होडी दिव्याला भिडली, किण-किण. वल्ह्याचा ठोका. आणखी एक दिवा, किण-किण. खाली संथ चाल.

जनीनने ऐकलं ते:

पाण्याचा घोगरा खळखळाट. वल्ह्याचा ठोका. होडी दिव्याला भिडली,                . वल्ह्याचा ठोका. आणखी एक दिवा,                . खाली संथ चाल.

तो खोटं बोलत नव्हता. मोरकॅमला हा गेम त्याच्या टेबलाशेजारीच असायचा. पडद्यावर दिवा विझला की ती किणकिण त्याच्या डोक्यात आपोआप वाजायची. कान कधी त्यातून बाहेर पडले, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"वाजतंय की," क्लिफ म्हणाला.

ओवेनने खोलीभर बघितलं. नेव्हिल होल्डन, जो एरवी कुणाला बोलू देत नाही, तो आपल्या चष्म्याची काच पुसत होता.

"मला नाही येत ऐकू," ओवेन म्हणाला.

"पोरी," क्लिफ जनीनकडे वळला. "तू सांग याला. इथे सगळ्यांत चांगले कान हिचे आहेत, बरं का."

होडी पुन्हा एका दिव्याला भिडली.

"वाजतंय," जनीन म्हणाली.

गाळणी

इथे थांबता आलं असतं. ओवेन बोर्ड घेऊन घरी गेला असता, कुणीतरी जिन्यात त्याच्या कानाशी लागलं असतं, "मंगळवारी ॲक्रिंग्टनला जा." नेव्हिल त्यासाठी दाराकडे सरकलाही होता.

पण ओवेनचा चेहरा पडला. सगळ्यांसमोर त्याने आपला एक कान चोळला, मग दुसरा.

"म्हणजे माझेच कान गेले म्हणायचे."

क्लिफला त्याची दया आली.

"लाजायचं काय त्यात," तो म्हणाला. त्याने ओवेनला स्टूल ओढून दिलं. "माझ्या भावाचेही गेले. तो तर आधी कबूलच करेना. टीव्ही असा लावायचा की शेजारी भिंत बडवायचे. मग यंत्र बसवलं कानात, आता गाढवासारखा खुश आहे. लवकर कळलेलं बरं असतं रे."

"मी पस्तीस वर्षांचा आहे."

"म्हणूनच. बस इथे. कानावर विश्वास नसेल तर डोळ्यांनी बघ. डोळ्यांना दाखवतो तुला तुझे दिवे."

आणि त्याने स्कोप सुरू केला.

"क्लिफ," जनीन म्हणाली, "राहू दे ना. चहा गार होतोय."

"गार होऊ दे. पोराला घाबरवून घरी पाठवू का?"

स्कोपच्या छोट्या पडद्यावर आवाज दिसतो. आवाज असेल तिथे रेघ उड्या मारते, नसेल तिथे सरळ पडून राहते. स्कोपला वय नसतं आणि त्याला कुणाची माया नसते. क्लिफने डोळ्यांवर भिंग ओढलं. चिपमधून तीन आवाज तीन वाटांनी निघतात. प्रत्येक वाटेवर एक छोटी गाळणी असते, एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. तिच्यात आवाजाची खरखर अडते आणि गाभा पुढे जातो. पहिल्या गाळणीच्या पुढे त्याने स्कोपची सुई टेकवली.

"हे पाणी." रेघ थरथरली.

दुसऱ्या गाळणीच्या पुढे. "ही वल्ही." रेघ उड्या मारू लागली.

"आणि हे तुझे दिवे. नेव्हिल, उचल एक."

नेव्हिलने होडी हलवली. दिवा विझला.

रेघ सरळ.

"आणखी एक उचल."

रेघ सरळ.

क्लिफने सुईची तार तपासली. अर्थिंगचा चिमटा काढून पुन्हा लावला. सुई वल्ह्याच्या वाटेवर टेकवून बघितली, रेघ उडाली. परत दिव्यांच्या वाटेवर आणली. नेव्हिल आता न सांगता एकामागून एक दिवे उचलत होता, कारण हात थांबवले तर कुठे ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

"स्कोप बिघडलाय का?" कुणीतरी मागून म्हणालं. ते आशेने म्हटलं होतं.

"स्कोप ठीक आहे," क्लिफ म्हणाला.

चिप

त्याने सुई गाळणीच्या मागे, चिपच्या पायावर नेली. नेव्हिलने दिवा उचलला.

उंच, चौकोनी, दाट कंगव्यासारखी रेघ उभी राहिली. कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहावं इतकी सुरेख.

"इथे आहे," क्लिफ म्हणाला. सुई पुढे नेली. "इथे नाही." पुन्हा मागे. "इथे आहे." पुन्हा पुढे.

मग त्याने सुई खाली ठेवली.

"नेव्हिल. पडद्यावर लाव."

इथे एक पद्धत आहे. चहाच्या वेळी सगळ्यांत वाईट कामाचा बोर्ड कॅमेऱ्याखाली धरतात आणि भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दाखवतात. जळलेले पट्टे, गोळ्या झालेलं सोल्डर, भलतीकडे शिवलेल्या तारा. या प्रकाराला 'खाटीकखाना' म्हणतात. बोर्ड कुणी कापला ते ओळखायचं, आणि तो खोलीत सापडला तर त्याने कोपऱ्यावरच्या बेकरीतून सगळ्यांसाठी सॉसेज रोल आणायचे. सगळ्यांत जास्त हसणारा क्लिफच असतो. मागे नेव्हिलच्या एका तारेला त्याने 'वाळत घातलेली चड्डी' म्हटलं होतं. अजून तेच नाव चालतं.

"क्लिफ, हा नको," नेव्हिल म्हणाला.

"लाव म्हटलं ना."

पडद्यावर तीन कपॅसिटर आले, नखभर आकाराचे, एकाशेजारी एक. त्यांतल्या दोनांवर छापलेलं १०३. तिसऱ्यावर १०४. म्हणजे दहापट मोठा. त्यातून बारीक आवाज पुढे जाणं शक्यच नाही, तो सगळा गिळतो. जुना कपॅसिटर फुटला होता तेव्हा क्लिफने खणातून नवा काढून बसवला होता. खण बरोबर होता, पण त्यात चुकीचा तुकडा पडला होता, आणि त्याने खणावर विश्वास ठेवला. असं कुणाचंही होतं. पण मग बोर्ड ऐकताना ते कळतं.

सोल्डर मात्र देखणं होतं. चकचकीत, गोल, क्लिफच्या हातचं. मोठ्या पडद्यावर ते आणखीच देखणं दिसत होतं. कुणी बघू शकत नव्हतं.

क्लिफने पडद्याकडे फार वेळ बघितलं नाही. त्याने जनीनकडे बघितलं.

"तू म्हणालीस वाजतंय."

तिने समोरचा चहाचा मग बाजूला सरकवला.

"तुझे कान गेलेले नाहीत," तो म्हणाला.

"नाही."

"मग?"

मग काय? मान खाली घालणं सोपं होतं. पण तिने घातली नाही, तेवढं तरी ती त्याचं देणं लागत होती. मानेपासून वर कानांच्या पाळीपर्यंत तिला चटका बसत गेला.

"कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून."

"हा एकच बोर्ड?"

"नाही."

"नाही," क्लिफ स्वतःशी म्हणाला. त्याचं गणित चालू होतं. मग त्याने खोलीकडे तोंड केलं. "कोणाकोणाचे?"

स्पीकरमधून 'लँटर्न बे'चं पाणी वाजत होतं. होडी कुणी हलवत नव्हतं.

"माझा एक," नेव्हिल म्हणाला. चष्मा अजून हातातच होता. "दोन."

"माझाही," खिडकीजवळून.

"माझा पण, क्लिफ. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"तुम्ही सगळे," क्लिफ म्हणाला.

त्याच्या आवाजात राग नव्हता. खोली भरलेली असताना अचानक ती मोजून बघणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. तो ओवेनकडे वळला. "तुझे कान चांगले आहेत, बाळा. मगाशी जे बोललो त्याबद्दल माफ कर."

ओवेनने इतक्या जोरात मान हलवली की स्टूल करकरलं. आपण आलोच नसतो तर बरं, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"नेव्हिल," क्लिफ म्हणाला, "विचार ना. दर वेळी विचारतोस."

"राहू दे."

"विचार."

नेव्हिलने चष्मा घातला आणि परत काढला. "खाटीक कोण?" त्याने जमिनीला विचारलं.

क्लिफने हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, कोपर टेबलावर टेकवून. हात वर ठेवूनच तो जनीनकडे बघत राहिला. ती काय ते समजली. तिनेही हात वर केला. तिच्या बोटांना सोल्डरचा वास होता.

कुणीही हसलं नाही.

पुन्हा स्पीकर

कपॅसिटर बदलायला वेळ लागत नाही. क्लिफने खणातून तुकडा काढला, भिंगाखाली त्याच्यावरचा आकडा वाचला, मग तो ओवेनच्या हातात दिला. "वाच."

"एकशे तीन."

"मोठ्याने."

"एकशे तीन."

एरवी असा तुकडा तो जनीनच्या तळहातावर ठेवायचा.

त्याने जुना काढला, नवा बसवला. हात अजूनही स्थिर होता, हे बघून जनीनला रडावंसं वाटलं, पण रडू आलं नाही. गेम सुरू झाला. होडी निघाली. पहिला दिवा.

किण-किण.

खोलीतल्या प्रत्येकाने ऐकलं. इतका स्वच्छ आवाज तिथे बऱ्याच दिवसांत वाजला नव्हता.

जनीनने तोंड उघडलं. तिला फक्त "आला" म्हणायचं होतं.

"तू सांग," क्लिफ ओवेनला म्हणाला.

ओवेनने आधी चोरून जनीनकडे बघितलं, मग क्लिफकडे. "आला."

"नक्की?"

"नक्की. अगदी काचेसारखा."

क्लिफने मान डोलावली. मग स्कोपची सुई टेकवली आणि उड्या मारणारी रेघही बघून घेतली. रंग काढायच्या थिनरमध्ये फडकं भिजवून तो बोर्डाच्या कोपऱ्यावर वाकला. ठिपका चटकन निघेना. रंग चांगल्या प्रतीचा होता. आधी त्याचा पांढरा डाग झाला, मग राखाडी, मग हिरवा बोर्ड दिसायला लागला.

"राहू दे ना तो," ओवेन म्हणाला. "आता तर वाजतंय."

"आता वाजतंय ते तू म्हणतोस म्हणून," क्लिफ म्हणाला. "ठिपका माझ्या कानांचा होता."

त्याने डबीचं झाकण घट्ट लावलं. डबी कुणाला दिली नाही, फेकलीही नाही. खणात ठेवली, कपॅसिटरच्या शेजारी. मग खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला.

"चल," तो जनीनला म्हणाला. "खाटीक दोन आहेत. रोल दोघांनी आणायचे."

रस्ता

ते गिरणीचा जिना उतरले. बाहेर ऊन होतं आणि वारा होता. रस्त्यापलीकडे बेकरी, तिच्या दारात शनिवारची छोटीशी रांग.

"क्लिफ, मला वाटलं..."

"मोठ्याने बोल."

तिला मोठ्याने बोलावं लागलं. "मला वाटलं, तू यायचा बंद होशील."

शेजारून कुत्रा घेऊन चाललेल्या बाईने वळून बघितलं.

"झालो असतो," तो म्हणाला. "शिव्या घातल्या असत्या तुला. एखाददोन शनिवार आलो नसतो. मग आलो असतो." कोटाचं बटण त्याला काजात घालता येईना. "जाणार कुठे मी?"

बटण लावायला तिचा हात पुढे झाला होता. तो तिने खिशात घातला.

"तू माझ्या उजव्या हाताला बसायचीस," तो म्हणाला. "मी दर वेळी तुझं तोंड बघायचो ठिपका देण्याआधी. माहीत आहे का? कान तर माझेच होते. पण तोंड तुझं बघायचो."

तिला माहीत नव्हतं. तिने आठवून बघितलं, आणि तिला ती सगळी तोंडं आठवली जी तिने केली होती.

ते सिग्नलच्या खांबाशी येऊन थांबले. क्लिफने खांबावरचं बटण दाबलं. एक बस गेली, मग दुधाची गाडी. गाड्या थांबल्या आणि खांबातून ती बारीक, उंच पी-पी-पी सुरू झाली. रस्ता ओलांडा, असं सांगणारी.

"वाजतंय," जनीन म्हणाली.

क्लिफ हलला नाही. त्याने पलीकडच्या दिव्यातला हिरवा माणूस शोधला. उन्हामुळे तो नीट दिसत नव्हता. डोळ्यांवर हात धरून त्याने बघितलं. मग उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा दिव्याकडे बघितलं. तोवर पी-पी थांबली. गाड्या सुटल्या.

त्याने पुन्हा बटण दाबलं.

दुसऱ्यांदा वाजायला लागलं तेव्हा ती काही बोलली नाही. तो दिव्यावर नजर लावून उभा होता. हिरवा माणूस त्याला स्वतःला दिसला, तसा तो निघाला. ती एक पाऊल मागून.